पोलाद नको, कणा हवा : वैमानिकाने कामाचे बूट कसे निवडावेत

सुरक्षा तपासणीच्या चौकटीत पाऊल पडते आणि चौकट वाजते. घड्याळ, कमरेचा पट्टा, किल्ल्या, पेन, ओळखपत्राची क्लिप हे सगळे आधीच ट्रेमध्ये गेलेले असते. चौकटीच्या खांबावरच्या दिव्यांच्या रांगेतले अगदी तळाचे दिवे लाल झालेले दिसतात, म्हणजे धातू घोट्याच्या खाली कुठेतरी आहे. मग बूट काढणे, ते एक्स-रे यंत्राच्या पट्ट्यावर ठेवणे, मोज्यांवर पुन्हा चौकटीतून येणे आणि पलीकडे खुर्ची रिकामी नसेल तर एका पायावर तोल सांभाळत लेस बांधणे, असा सगळा सोपस्कार पार पडतो. वर्षातून दोन-चारदा प्रवास करणाऱ्याला तो सोसतो. पण ज्याला कामावर जाण्यासाठीच या चौकटीतून जावे लागते, त्याला हाच सोपस्कार महिन्यातून कित्येकदा आणि कधी एकाच दिवसात दोनदा करावा लागतो. गणवेश अंगावर आहे म्हणून सुटका होत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या सतराव्या परिशिष्टात प्रवाशांखेरीज इतर जे कोणी विमानतळाच्या सुरक्षित क्षेत्रात जातात, त्यांचीही तपासणी व्हावी असे म्हटलेले आहे, आणि त्या ‘इतरां’मध्ये वैमानिक येतो.

या त्रासाला कंटाळून अनेक जण दुसऱ्या टोकाला जातात. धातूचा कणही नसलेला, हातात धरला तर घडी घालता येईल असा मऊ, हलका बूट ते घेतात. चौकट वाजायची थांबते, पण काही महिन्यांनी पायाची कमान दुखू लागते, संध्याकाळी टाच ठणकते आणि माणूस वयाला दोष देऊ लागतो. दोष वयाचा नसतो. चौकट वाजवणारी वस्तू आणि पाय सांभाळणारी वस्तू बहुतेक औपचारिक बुटांत एकच असते, आणि मऊ बूट घेताना ती पुरतीच काढून टाकलेली असते. तिच्याऐवजी काय आहे हे पाहणे, हे वैमानिकाच्या बूट खरेदीतले पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

तळात दडलेली पट्टी

या वस्तूला शँक म्हणतात. बुटाच्या आतला तळ आणि जमिनीला टेकणारा सोल यांच्या मधोमध, टाचेपासून चवड्याच्या थोड्या मागेपर्यंत, बोटभर रुंदीची एक लांबट पट्टी बसवलेली असते. बुटाला टाच असली की टाच आणि चवडा यांच्यामधला भाग पुलासारखा अधांतरी राहतो आणि त्या पुलाला तुळई लागते; ती तुळई म्हणजे शँक. ती नसेल तर प्रत्येक पावलाला बूट मधोमध खचतो आणि त्याचा भार पायाच्या तळव्यातल्या स्नायुबंधांना उचलावा लागतो. परंपरेने ही पट्टी पोलादाची असते. ती स्वस्त पडते, पातळ असूनही ताठ राहते आणि वर्षानुवर्षे टिकते. वाईट इतकेच की तपासणीची चौकट तिला सोडत नाही.

चौकट नेमके काय करते हे समजून घेतले तर पुढची पारख सोपी होते. तिच्या खांबांमध्ये तारेची वेटोळी असतात आणि त्यांमुळे चौकटीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या आत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह फिरू लागतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र उमटते आणि यंत्र तेच टिपते. त्यामुळे चौकट लोखंडावर वाजते तशीच पितळेवर आणि ॲल्युमिनियमवरही वाजू शकते. फरक पडतो तो धातूच्या आकाराने, तो कसा आडवा-उभा बसला आहे याने आणि त्या ठिकाणी यंत्राची संवेदनशीलता किती ठेवली आहे याने. एकाच बुटाला एक विमानतळ मुकाट्याने सोडतो आणि दुसरा अडवतो, यामागे हेच कारण असते. शिवाय काही चौकटी ठरावीक प्रमाणात, धातू नसतानाही, तपासणीसाठी कुणालाही निवडून वाजतात. एकदा वाजली म्हणून लगेच बूट टाकून द्यायला निघू नये. तळाचेच दिवे पुन्हा पुन्हा लागत असतील तर मात्र बुटाकडे वळावे.

पोलादाला पर्याय आहेत आणि ते चांगले आहेत. फायबरग्लास, काचतंतू मिसळलेले नायलॉन, कार्बन फायबर, कडक प्लास्टिक, आणि जुन्या पद्धतीच्या कारागिरीत लाकूड किंवा दाबलेले चामडे यांची शँक बनते. रोजच्या वापरासाठी माझी पसंती फायबरग्लासला किंवा काचतंतूंच्या नायलॉनला आहे, कारण ती पुरेशी ताठ असून किंचित लवचीक राहते. कार्बन फायबर हलके असते, पण ते अकारण महाग पडते आणि काही बुटांत इतके ताठ असते की चालताना पाय फळीवर आपटल्यासारखा वाटतो. दुकानात ‘बुटात मेटल आहे का’ असे विचारले की विक्रेता बहुधा बक्कल आणि लेसची भोके पाहून ‘नाही’ म्हणतो. त्याऐवजी ‘शँक कशाची आहे’ असे विचारावे. उत्तर देता आले नाही, तर बूट वाईटच आहे असे नव्हे. पण मग पारख आपली आपण करावी लागते.

त्यासाठी नखाएवढा, पण जोरकस निओडिमियम चुंबक खिशात ठेवावा. बूट उलटा करून डाव्या हातात धरावा आणि चुंबक टाचेच्या पुढच्या कडेपासून चवड्याकडे, सोलला टेकवून, अगदी सावकाश सरकवत न्यावा. आत पोलाद असेल तर टाच संपते त्या जागी चुंबक बोटांतून किंचित ओढल्यासारखा जाणवतो, मग तीन-चार इंच तो ओढ कायम ठेवतो आणि चवडा सुरू होण्याआधी एकदम सैल पडतो. ती ओढ बोटांना एकदा कळली की पुन्हा शंका राहत नाही. सोल फार जाड असेल तर बाहेरून काही लागत नाही. अशा वेळी आतला सुटा तळ उचलून चुंबक आतल्या बाजूने फिरवावा. चुंबकाला पितळ आणि ॲल्युमिनियम कळत नाही हे ध्यानात ठेवावे, पण शँक या धातूंची क्वचितच असते.

चुंबकाने ‘नाही’ म्हटल्यावर लगेच खूश होऊ नये. आता पाहायचे ते दुसऱ्या बाजूने: आत काहीतरी ताठ आहे ना? बुटाची टाच एका हाताच्या तळव्यात आणि टोक दुसऱ्या हातात धरून दोन्ही एकमेकांकडे दाबावीत. चांगला बूट चवड्याच्या जागी, म्हणजे बोटांच्या मुळाशी जिथे पाय वाकतो तिथेच, वाकतो. मधल्या कमरेत वाकत असेल तर आत शँक नाही किंवा असून नसल्यासारखी आहे. मग टाच स्थिर धरून पुढचा भाग ओला कपडा पिळावा तसा पिळून पाहावा. थोडा पीळ बसावा, पण बूट पार पिळवटून गेला तर तो दिवसभर टर्मिनलच्या कठीण फरशीवर चालण्याच्या लायकीचा नाही. चुंबकाला ओढ नाही आणि कमरेत वाकत नाही, या दोन्ही गोष्टी ज्या जोडात एकत्र सापडतात, तोच पायात घालून पाहण्याच्या योग्यतेचा.

शँकखेरीज आणखी काय

टाचेत खिळे असू शकतात. चामड्याचे थर रचून केलेली टाच अनेकदा खिळ्यांनी जोडलेली असते आणि शँक बिनधातूची असूनही हे खिळे चौकट वाजवतात. लेसची भोके धातूच्या कड्यांची असतात, पण ती इतकी लहान असतात की एकटी सहसा अडवत नाहीत. सगळे मिळून मात्र भर घालतात. बक्कलवाले बूट दिसायला रुबाबदार असले तरी कामाला नकोतच. कामगारांच्या बुटांत असते तशी पुढे पोलादी टोपी असलेला बूट वैमानिकाने का घ्यावा हे मला कळत नाही. संरक्षण हवेच असेल तर संमिश्र प्लास्टिकची टोपी मिळते. डॉक्टरने पायासाठी खास आतला तळ करून दिला असेल तर तो कशाचा आहे हे विचारून घ्यावे. आणि बूट घालायची पोलादी शिंगटी खिशात ठेवणाऱ्याला एकच सांगणे आहे की ती प्लास्टिकचीही मिळते.

बूट उतरवावाच लागला तर

बिनधातूच्या बुटानेही हा प्रसंग कायमचा टळत नाही. २००१ च्या डिसेंबरात पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने बुटात दडवलेली स्फोटके पेटवण्याचा प्रयत्न केला, आणि तेव्हापासून जगभरची तपासणी बुटांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. अमेरिकेत २००६ पासून प्रवाशांना बूट काढणे सरसकट सक्तीचे झाले आणि ती सक्ती जुलै २०२५ मध्ये उठली. इतर ठिकाणचे नियम आपापले आहेत. मिलिमीटर लहरींवर चालणारे अंग तपासणीचे यंत्र कपड्यांखालची वस्तू दाखवते, पण बुटाच्या जाड तळात काय आहे हे त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे तिथेही बूट वेगळे मागितले जाण्याची शक्यता उरते. स्फोटकांचे कण शोधण्यासाठी बुटावरून कापडाची पट्टी फिरवली जाते, तेव्हा बागेतल्या खतातली नायट्रेटेसुद्धा घोटाळा करू शकतात. कामाचे बूट घालून हिरवळीवर फिरू नये, हे या निमित्ताने सांगून ठेवतो.

तेव्हा बूट चटकन निघावा आणि चटकन चढावा, ही अट राहतेच. यासाठी लोक बिनलेसचा, नुसता पाय सरकवून घालायचा बूट घेतात. मला तो फारसा पसंत नाही. बिनलेसचा बूट पायावर टिकायचा तर तो मुळातच घट्ट असावा लागतो, आणि लांब उड्डाणात पाय सुजला की तो चावतो. सैल घेतला तर सकाळी टाच उचलली जाते आणि फोड येतो. लेस हीच एक अशी सोय आहे की जिच्यामुळे एकच बूट सकाळच्या आणि रात्रीच्या पायाला बसतो. लेसच्या बुटांतही ज्याच्या दोन्ही बाजू जिभेवर मोकळ्या सुट्या राहतात तो डर्बी धाटणीचा बूट निवडावा. ऑक्सफर्ड धाटणीत या बाजू खालून शिवलेल्या असतात, त्यामुळे तो जास्त रेखीव दिसतो, पण पूर्ण उघडत नाही आणि सुजलेल्या पायावर चढवताना जीव खातो. डर्बीला लवचीक लेस घातली की बांधलेलाच बूट काढता-घालता येतो. ती गोल, बारीक आणि बुटाच्याच रंगाची असावी, म्हणजे गणवेशात वेगळी दिसत नाही. बाजूला रबरी कापड असलेले घोट्यापर्यंतचे बूट हा दुसरा चांगला मार्ग आहे, मात्र ते रबर वर्ष-दीड वर्षात सैल पडते आणि मग बूट पायात डुलू लागतो. चेनचा, म्हणजे झिपचा, बूट घेणाऱ्याने चेन नायलॉनची आहे ना, हे पाहावे.

मोज्यांबद्दल एकच वाक्य पुरे: बूट कधी काढायला सांगतील याचा नेम नसल्यामुळे अंगठ्याला भोक पडलेला मोजा कामावर घालून जाऊ नये.

माप संध्याकाळी घ्यावे

कॉकपिटमध्ये तासन्‌तास बसून राहिल्यावर पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त आणि द्रव खाली साचतात आणि पाय फुगतो. म्हणून बूट खरेदीला सकाळी जाऊ नये. शक्य असेल तर उड्डाण करून परतल्यावर, त्याच थकलेल्या पायांनी जावे. ते जमत नसेल तर निदान दिवस कलल्यावर. जाताना कामावर घालायचेच मोजे न्यावेत. लांब पल्ल्याच्या उड्डाणांत अनेक जण पोटरीला दाब देणारे मोजे घालतात, त्यांचा सौम्य प्रकार साधारण १५ ते २० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देतो. असे मोजे डॉक्टरच्या सल्ल्याने वापरत असाल तर तेच घालून बूट पाहावेत, कारण त्यांची जाडी आणि पायावरची पकड दोन्ही वेगळी असतात.

दोन्ही पाय मोजून घ्यावेत. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो आणि बूट मोठ्या पायाला घ्यायचा असतो. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे एक सेंटिमीटर किंवा किंचित जास्त जागा राहावी. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असे नाही, अनेकांचे दुसरे बोट पुढे असते. यापेक्षाही जास्त लक्ष टाचेपासून चवड्यापर्यंतच्या लांबीकडे द्यावे. पाय जिथे वाकतो आणि बूट जिथे वाकतो त्या दोन जागा एकाखाली एक आल्या नाहीत, तर बाकी सगळे मापात असूनही बूट बोटांच्या मुळाशी चावत राहतो, आणि शँकचे पुढचे टोक चवड्याखाली टोचते. ब्रिटिश मापात एक पूर्ण नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटर. त्यामुळे अर्धा नंबर वाढवला की लांबी जेमतेम चार मिलिमीटरने वाढते. युरोपीय मापातला एक नंबर साधारण पावणेसात मिलिमीटरचा असतो. म्हणून एका पद्धतीतून दुसरीत गेल्यावर कोष्टकावर विसंबू नये, पाय घालूनच ठरवावे. बूट रुंदीला कमी पडत असेल तर नंबर वाढवून ती भरून काढण्याचा मोह टाळावा. तसे केल्याने रुंदी थोडी मिळते, पण वाकण्याची जागा पुढे सरकते. रुंद साचा मागावा.

दुकानात दोन पावले गालिच्यावर टाकून निर्णय घेऊ नये. कठीण फरशीवर दहा मिनिटे चालावे, जिना चढावा-उतरावा, मग वीस मिनिटे खुर्चीत बसून राहावे आणि पुन्हा उभे राहावे. विक्रेता कंटाळेल, कंटाळू द्यावा. नव्या बुटात टाच किंचित वर सरकणे चालते, सोल वाकू लागला की ते थांबते. करंगळीला किंवा घोट्याच्या हाडाला काठ लागत असेल तर मात्र ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर विश्वास ठेवू नये.

खरी परीक्षा रडर पेडलवर

आरामदायक बुटांबद्दल जे सल्ले सर्वत्र मिळतात ते दिवसभर उभे राहणाऱ्यांसाठी असतात. वैमानिक बूट घालून एक यंत्र चालवतो, आणि हा मुद्दा खरेदीच्या वेळी चक्क विसरला जातो. पेडलचे काम दुहेरी असते: खालच्या भागावर दाब देऊन रडर, म्हणजे विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणारे शेपटीवरचे सुकाणू, हलवायचे आणि वरच्या भागावर चवड्याने दाबून चाकांचे ब्रेक लावायचे. उड्डाण घेताना टाचा जमिनीवर टेकवून फक्त चवड्याने रडर सांभाळतात, म्हणजे नकळत ब्रेक लागत नाहीत. उतरल्यावर पाय वर सरकवून ब्रेकवर घ्यावे लागतात. आडव्या वाऱ्यात उतरताना किंवा एक इंजिन बंद पडल्यावर पेडलवर लागणारा दाब मोठा असतो, आणि तरीही तो मोजून द्यायचा असतो.

आता यात जाड, फुगीर सोलचा बूट घालून पाहा. चवड्याखाली तीन सेंटिमीटर फोम असेल तर पेडलची पहिली हालचाल फोमच गिळून टाकतो. पायाला कळते ते उशिरा आणि अंदाजाने. धावण्याच्या बुटांसारखे दिसणारे, पण वर काळे चामडे लावलेले जे बूट हल्ली ‘औपचारिक’ म्हणून विकले जातात, ते टर्मिनलमध्ये सुखद असतात आणि पेडलवर बोथट. चवड्याखालचा सोल एक सेंटिमीटरच्या आसपास आणि टाच अडीच ते तीन सेंटिमीटर, या मर्यादेत राहिलेले बरे, असे माझे मत आहे. सोलची कड बुटाच्या बाहेर फार येऊ नये. वेल्टवर, म्हणजे वरचे चामडे आणि सोल यांना जोडणाऱ्या पट्टीवर, शिवलेल्या काही बुटांना चौफेर रुंद कड असते. ती अरुंद जागेत शेजारच्या पेडलला किंवा पाय ठेवण्याच्या चौकटीला अडकते. खोल नक्षीच्या, खडबडीत सोलचीही हीच तक्रार: पाय रडरवरून ब्रेकवर सरकवताना नक्षी पेडलच्या कडेत रुतते. टोक फार लांब किंवा फार चौकोनी असेल तर रडर देता देता ते ब्रेकच्या भागाला लागते.

याची चाचणी दुकानातही करता येते. खुर्चीत मागे रेलून, गुडघे किंचित वाकवून पाय पुढे पसरावेत आणि टाच जमिनीवर टेकवून चवडा समोरच्या भिंतीवर ठेवावा. टाच न उचलता चवड्याने भिंत हळूहळू दाबावी, मग टाच सरकवत चवडा दोन बोटे वर न्यावा आणि पुन्हा दाबावे. बुटाचा वरचा काठ घोट्याच्या पुढच्या बाजूला रुतत असेल, किंवा टाचेची मागची कड इतकी टोकदार असेल की पाय तिच्यावर डगमगतो, तर तो बूट परत द्यावा. टाचेची मागची कड जरा गोलसर असलेली केव्हाही चांगली, कारण पेडलवर पाय असताना सगळा भार त्याच कडेवर असतो. जुन्या वैमानिकाचा बूट उलटा करून पाहिला की सोल चवड्याशी फारसा झिजलेला नसतो आणि टाचेचा मागचा कोपरा मात्र तासल्यासारखा गेलेला असतो, याचे कारण हेच.

नवा जोड पहिल्यांदा सिम्युलेटरच्या सत्रात घालावा, प्रवासी घेऊन निघालेल्या विमानात नव्हे. टाचेची उंची पाच-सात मिलिमीटरने बदलली तरी पायाची पोहोच बदलते, तेव्हा आसन आणि पेडलचे अंतर नव्या बुटांसह पुन्हा लावून घ्यावे. जुन्या सवयीच्या खाचेवर ठेवू नये.

सोल, चामडे आणि बाहेरचा फेरा

उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून पाहणी करावी लागते आणि तिथे जमिनीवर पाणी, सांडलेले इंधन, तेलाचे डाग, थंड प्रदेशात बर्फ वितळवणाऱ्या ग्लायकॉलच्या द्रवाचा निसरडा थर, काहीही असू शकते. गुळगुळीत चामड्याचा सोल इथे धोकादायक आहे. विमानाच्या धातूच्या शिडीवर तर अधिकच. रबराचा, तेलाला दाद न देणारा सोल घ्यावा. नायट्राइल रबर खनिज तेलाला चांगले टिकते. नक्षी उथळ पण दाट असावी, म्हणजे पकड मिळते आणि पेडलवर रुतत नाही.

मधल्या थराबद्दल थोडे सावध राहावे. ईव्हीए नावाच्या प्लास्टिकचा फोम हलका असतो, पण दाबून दाबून बसतो. वरून बूट नवा दिसत असतानाच आतला उसळीपणा संपलेला असतो. पॉलीयुरेथेन जास्त टिकाऊ असते, मात्र हवेतल्या दमटपणाने ते वर्षांनी कुजते आणि कपाटात नुसत्या ठेवलेल्या बुटाचा सोलही एके दिवशी भुगा होऊन पडतो. स्वस्तात मिळतो म्हणून कित्येक वर्षे पडून राहिलेला माल घेऊ नये. वेल्टच्या बुटात आत बुचाचा थर असतो, तो हळूहळू पायाच्या आकाराचा होतो आणि सोल बदलता येतो. वजन मात्र वाढते. पायांची तक्रार नसलेल्याने वेल्टचा बूट घ्यावा, गुडघे किंवा टाचा दुखणाऱ्याने हलका, चिकटवलेल्या सोलचा घ्यावा, असे मी सांगेन.

वरचे चामडे खरे असावे, त्याचे अस्तरही शक्यतो चामड्याचेच असावे. त्यातून पायाचा घाम बाहेर पडतो. चकचकीत पेटंट चामड्याला पॉलिशचा त्रास नसतो, पण ते श्वास घेत नाही आणि घडीवर तडकते. खरे चामडे घेण्याचे दुसरे कारण जास्त गंभीर आहे: आग लागून विमान रिकामे करावे लागले तर कृत्रिम चामडे वितळून कातडीला चिकटू शकते, खरे चामडे तसे वितळत नाही. याच प्रसंगात बूट पायातून निसटता कामा नये, कारण घसरगुंडीवरून उतरल्यावर काचा, पत्रे आणि इंधन यांवरून चालायचे असते. महिला वैमानिकांना गणवेशाच्या नावाखाली अनेकदा उथळ, पाय उघडा ठेवणारे बूट सुचवले जातात; त्यांत बहुधा ना शँक असते, ना पायावर धरून ठेवणारे काही. नियमावलीत ‘काळा, साधा, बंद बूट’ एवढेच लिहिलेले असेल तर लेसचा बूट त्यात निर्विवाद बसतो, आणि खरेदीआधी ते पान एकदा वाचून घ्यावे.

एक नव्हे, दोन जोड

पायाचा घाम चामड्यात मुरतो आणि तो सुकायला साधारण एक दिवस लागतो. रोज तोच बूट घातला तर तो कधीच कोरडा होत नाही, अस्तर फाटते आणि वास येतो. म्हणून शक्य असेल तर एकाच साच्याचे दोन जोड घेऊन आलटून पालटून वापरावेत. दोन्ही मिळून एकापाठोपाठ एक वापरलेल्या दोन जोडांपेक्षा जास्त टिकतात. पहिले आठ-दहा दिवस नवा बूट घरात तासभर, मग दोन तास असा घालावा. मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचल्यावर बूट काढून त्यात कागद कोंबून ठेवावा, हीटरजवळ किंवा उन्हात ठेवू नये.

शेवटची गोष्ट दुरुस्तीची. बिनधातूचा बूट वर्षभर गुपचूप चौकटीतून जात असे, मग झिजलेली टाच बदलून आणली आणि दुसऱ्याच दिवशी तळाचे दिवे लागले, हा अनुभव मी घेतला आहे. मोच्याने चांगल्या मनाने, टाच पुन्हा लवकर झिजू नये म्हणून, मागच्या कडेला अर्धचंद्राची पोलादी नाल मारली होती आणि ती बसवायला पाच खिळे वापरले होते. त्याच्या दृष्टीने काम चोख होते. तेव्हापासून बूट देतानाच मी सांगतो की नाल नको, खिळे नकोत, टाच चिकटवून आणि लागेल तिथे शिवून द्या, कोपऱ्याला हवा तर कडक रबराचा किंवा नायलॉनचा तुकडा लावा. आणि बूट परत घेताना, पैसे देण्याआधी, दुकानाच्या दारातच खिशातला चुंबक टाचेवरून एकदा फिरवतो.